एकाच नावाची फाइल

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण नवीन पोरं प्रोग्राम लिहायला शिकत ती त्यांच्याच हाताखाली. त्यांचा एक धडा ठरलेला असे. त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा लूप म्हणजे घाण्याचा बैल. तो गोल फिरत राहतो, मागे काय पडलं ते बघत नाही. तेव्हा प्रत्येक फेरीत हाती आलेलं वेगळं ठेवा, नाहीतर पुढची फेरी मागच्या फेरीवर बोळा फिरवते. पोरं कंटाळून माना डोलवत.

मास्तरांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. फोन उचलायचा मास्तरांना भारी कंटाळा, म्हणून ती आपली निरोप बोलून ठेवी. मास्तर ते सवडीनं ऐकत आणि विसरून जात. सगळे निरोप फोन कंपनीकडे साठून राहिले होते, आणि कंपनीनं ती सोय महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. दूर नोकरीला असलेल्या लेकीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, मला आईचा आवाज हवाय, माझ्याकडे तिचं काहीच नाही. मास्तर म्हणाले, हा तर माझ्या हातचा मळ.

काम सोपंच होतं. आधी त्यांनी एकच निरोप उतरवून बघितला आणि फाइलला नाव दिलं ‘आई’. चाललं. मग त्याच ओळींभोवती त्यांनी लूप घातला, आणि नाव बदलायचं राहून गेलं. प्रोग्राम एकेक निरोप आणत गेला आणि प्रत्येक वेळी त्याच ‘आई’वर लिहीत गेला. शेवटी पडद्यावर ‘काम पूर्ण’ असं उमटलं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मास्तरांनी उघडून तपासलं असतं. इथे मात्र तो आवाज ऐकायची त्यांची छाती झाली नाही. आज ऐकू, उद्या ऐकू करत महिना संपला.

लेक फोन करणार होती त्या रविवारी सकाळी त्यांनी फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती. काय झालं ते कळायला त्यांना क्षणही लागला नाही. आयुष्यभर हीच चूक त्यांनी दुसऱ्यांच्या प्रोग्रामात पकडली होती. कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईनं अगदी मऊ आवाजात सांगितलं की सगळं पुसलं गेलंय. घरात त्यांना चार शब्द सुनावायलाही कुणी नव्हतं.

दुपारी लेकीचा फोन आला. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि उरलेला एक निरोप लावला.

“अहो, येताना काही आणू नका. घरात सगळं आहे.”

लेक रडली. परत लावा म्हणाली, त्यांनी परत लावला. मग तिनं विचारलं, “बाकीच्या निरोपांत आई माझ्याबद्दल काही बोलायची का?”

बोलायची की. जवळजवळ प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती एकच विचारायची, पोरीचा फोन आला का. आलेला नसे. लेक तेव्हा आईवर रुसून बसली होती, आणि तो रुसवा निघायच्या आतच सगळं आटोपलं.

“बोलायची,” मास्तर म्हणाले. “कौतुक करायची तुझं.”

“खरंच?”

“मी ऐकलेत ना सगळे.”

लेकीला बरं वाटलं. मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली, आईबद्दल, ऑफिसबद्दल, नव्या घराबद्दल, एकदोनदा हसलीही. फोन ठेवल्यावर मास्तर तसेच बसून राहिले. पोरीचा फोन आला होता, चांगला तासभर आला होता, आणि हे जिला सांगायचं तीच नव्हती.