राणीसाठी बांधलेलं दालन

रात्रपाळी उरकून कौमुदी तशीच बाबांना किल्ला दाखवायला घेऊन निघाली, तेव्हा तिचे डोळे नुसते चुरचुरत होते. पण करणार काय? उद्या बाबांचं परतीचं विमान. आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला येऊन महिना झाला, आणि डॉक्टर लेकीच्या ड्युट्यांपायी त्या बिचाऱ्यांनी हॉस्पिटलच्या कार पार्कखेरीज काही पाहिलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट सांगायची राहिली होती. इथली कायमची नोकरी तिनं मार्चमध्येच पत्करली होती. महिनाभर ती रोज ‘आज सांगतेच’ म्हणायची आणि रोज शेपूट घालायची.

आणि तिकडे कऱ्हाडला बाबांनी घराच्या तळमजल्यावर तिच्यासाठी दवाखाना बांधून ठेवलेला! रस्त्याकडून वेगळं दार, हात धुवायला बेसिन, पेशंटना बसायला बाकडी. नावाची पाटी तेवढी लावायची बाकी.

किल्ल्याचा मागचा भाग म्हणजे जुना बुरूज. भिंती ह्या जाडीच्या, आणि खिडकी म्हणाल तर बाण सोडण्यापुरती फट. पुढे मात्र किल्ल्याच्या मालक घराण्यातल्या एका सरदारानं साडेचारशे वर्षांपूर्वी नव्या फॅशनचा महाल जोडला होता. वर लांबलचक दालन, भिंतभर काचेच्या खिडक्या, छताला चुन्याची वेलबुट्टी, भिंतीतल्या शेकोटीवर कोरलेला राणीचा चेहरा.

“इंग्लंडची राणी मुक्कामाला येईल म्हणून हे सगळं बांधलं,” गाईड बाई म्हणाल्या. “ती कधी आलीच नाही.”

कौमुदीनं ते मराठीत सांगितलं. बाबा छताकडे बघत च्च च्च करत होते. “विचार त्यांना, येत नाही म्हणून निदान कळवलं तरी का तिनं?”

आता आली का पंचाईत! विचारावंच लागलं. गाईड बाई हसल्या. “तसं काही ऐकिवात नाही. तो सरदार म्हातारा होईपर्यंत दालन झाडूनपुसून तयार ठेवायचा म्हणे.”

“हे मात्र वाईट केलं हं बाईनं,” बाबा खिडकीतल्या कट्ट्यावर बसत म्हणाले. “आली नाही, त्याचं एवढं नाही गं. पण यायचं नाही तर नाही म्हणावं! तो खुळा काचा पुसत बसला.”

किती दिवस हे ओझं वागवायचं? कौमुदीला अगदी नको झालं होतं. ती त्यांच्या शेजारी टेकली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

बाबा चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

“मार्चमध्ये?”

“हो.”

“अगं, पण दवाखान्याला रंग तर मे महिन्यात दिला. मी फोटो पाठवले होते तुला, कुठला देऊ म्हणून.”

“बाबा...”

“फिकट हिरवा. तूच म्हणालीस, पेशंटच्या डोळ्यांना गार वाटतो.”