दोन मिलिमीटर कमी

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. पत्त्याएवढं, जाडसर, पिवळ्या सदऱ्यातल्या एका गोलकीपरचं. तो हवेत आडवा झेपावलाय आणि चेंडू त्याच्या बोटांपासून जेमतेम वीतभर लांब आहे. मला जो कोणी हातात घेतो, तो आधी माझ्या कडा पाहतो आणि मग मला देणाऱ्याचं तोंड. माझ्यावर ही वेळ का आली, ते तुम्हाला सांगतो.

एका फुटबॉल संघाचे अकरा खेळाडू एका मोठ्या कागदावर छापले गेले. मग आम्हाला कापून पेपरमिंटच्या पाकिटांत एकेक करून घातलं. गोलकीपर मुद्दामच कमी पाकिटांत घातले होते. संघ पुरा होऊ नये आणि लोकांनी पाकिटं घेत राहावं, हा त्यामागचा हेतू. म्हणजे बघा, माझ्या जन्मातच थोडी लबाडी होती.

माझं पाकीट एका टायपिस्टने फोडलं. टाइप करताना गालात पेपरमिंट ठेवायची त्याला सवय होती. त्या रविवारी तो सामन्याला गेला, तेव्हा मी त्याच्या खिशात होतो. घरी आल्यावर त्याने माझ्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरांत, सामन्याचा निकाल लिहिला. पुढे तो आजारी पडला. अंथरुणावर पडून एक जाडजूड कादंबरी वाचायचा आणि थकला की मला पानात ठेवायचा. एका दुपारी त्याने मला असंच ठेवलं, आणि नंतर ते पुस्तक त्याने उघडलंच नाही.

त्याची धाकटी बहीण शाळेत शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. भाऊ गेला आणि बाईंनी ते पुस्तक कपाटात ठेवलं. वर्षातून एकदा त्या ते काढायच्या, माझ्या पानापर्यंत उघडायच्या, पुढचं पान न उलटता मिटायच्या. अशी तीस वर्षं गेली. मला वाटायचं, माझं आयुष्य इथेच सुखाने सरणार.

पण पुस्तकाची शिलाई उसवली. बाई निवृत्त झाल्या होत्या, वेळ होता. त्यांनी पुस्तक एका बाइंडरकडे नेलं. जुन्या पुस्तकांची बांधणी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाईंनी पानं हलू देऊ नका असं बजावलं, पण आत मी आहे हे सांगायचं राहून गेलं.

बाइंडरने पुस्तकाची शिलाई सोडवली आणि मी टेबलावर पडलो. त्याने मला उचललं आणि उठून दार लोटून घेतलं. मला तेव्हाच शंका आली. स्वतःची वस्तू बघायला कोणी दार लावत नाही.

मित्रांनो, हा बाइंडर स्वतः खेळाडूंची कार्डं जमवायचा. त्याचा जिवलग मित्र घड्याळजी, तोही जमवायचा. दर रविवारी दुपारी दोघं बसत, कार्डांची अदलाबदल करत. घड्याळजीकडे माझ्या संघाचे दहा जण होते. गोलकीपरसाठी तो बारा वर्षं वणवण करत होता. आणि त्याच्याकडे एका धावपटूचं कार्ड होतं, ज्यावर बाइंडरचा कधीपासून डोळा होता.

बाइंडरच्या बायकोने मला पाहिलं. "अहो, हे गिऱ्हाइकाच्या पुस्तकातलं ना?" तिने विचारलं.

जुन्या पुस्तकात लोक वाट्टेल ते खुपसून ठेवतात, बसची तिकिटंसुद्धा, असं तो म्हणाला. पण त्या दिवसापासून ती दुकानात आली की तो मला खतावणीच्या कागदाखाली सरकवायचा. घरातल्या घरात तो चोरासारखा वागू लागला.

माझे कोपरे झिजले होते आणि ती निळी अक्षरं त्याला डाग वाटली. त्याने पोलादी पट्टी माझ्यावर दाबली आणि पुठ्ठा कापायच्या सुरीने माझ्या चारही कडा तासल्या. तीन बाजूंनी केसभर, खालून चांगले दोन मिलिमीटर. माझी कातरण त्याने बाकीच्या कचऱ्याबरोबर झाडून टाकली. मी कोरा करकरीत दिसू लागलो. माझं मलाच खरं वाटेना.

बाई पुस्तक न्यायला आल्या. उभ्या उभ्याच त्यांनी ते चाळलं, मग पुन्हा चाळलं.

"यात एक कार्ड होतं."

"नाही बाई, काही नव्हतं," बाइंडर म्हणाला.

बाईंनी टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेली नजर ती. पुरावा मात्र हातात नव्हता. त्या पुस्तक छातीशी धरून निघून गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी घड्याळजीच्या हातात पडलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ लावूनच ठेवलं. इतकं जुनं कार्ड आणि कोपरे सुईसारखे टोकदार? कुठे मिळालं, त्याने विचारलं. रद्दीत, असं उत्तर आलं. कुणाच्या रद्दीत, हे त्याने विचारलं नाही. बारा वर्षांची भूक होती त्याची. धावपटूचं कार्ड देऊन त्याने मला घेतलं, आणि मित्र गेल्यावर मला बाकीच्या दहांवर ठेवून पाहिलं. मी आखूड होतो. तरी त्याने मला त्या दहांबरोबर चौकटीत बसवलं आणि दुकानाच्या भिंतीवर टांगलं. पुढचे तीन रविवार दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. एक बोलायचा, दुसरा त्याचे डोळे वाचायचा.

मग एक दिवस बाई भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन तिथे आल्या. चौकटीपुढे येऊन थबकल्या. हेच कार्ड आमच्याकडे होतं, त्यावर खाली भावाने निकाल लिहिला होता, बांधणीत हरवलं, एवढंच त्यांनी सांगितलं. कोणावर आळ घेतला नाही. त्या गेल्यावर घड्याळजीने मला बाहेर काढलं आणि खालची कड भिंगाखाली धरली. कडेला निळ्या शाईचे दोन ठिपके होते. कापलेल्या अक्षरांची डोकी.

त्याने मला परत चौकटीत ठेवलं. हो मित्रांनो, ठेवलं. दोन दिवस तो काम करता करता अकरा जणांकडे बघत राहिला. कोणाला काय कळणार आहे, असं त्याच्या मनात येत असावं. तिसऱ्या दिवशी त्याने मला पाकिटात घातलं आणि बाइंडरचं दुकान गाठलं.

"हे बाईंचं आहे," तो म्हणाला.

बाइंडरने सुरी पुसून बाजूला ठेवली. "तुझा संघ पुरा व्हावा म्हणून केलं मी."

"आणि धावपटू कुणासाठी घेतलास?" घड्याळजी खाली बसला. "मलाही पहिल्या दिवशीच कळलं होतं रे. मी मोजलं आणि गप्प बसलो. आता दोघं जाऊ."

दोघं बाईंच्या घरी गेले. बाईंनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे आमचं नाही. तुम्ही दुसरं आणलंत. माझी समजूत घालायला."

माझ्या अंगावरची ओळखच कापली गेली होती. ठिपके दाखवूनही त्यांचा विश्वास बसेना. शेवटी बाइंडरने सगळं सांगितलं: दार लावलं ते, कडा तासल्या त्या, तोंडावर खोटं बोललो ते. बायकोला काय थाप मारली, तेही. खोटं बोलणारा माणूस इतकं लाजिरवाणं स्वतःबद्दल रचणार नाही, हे बहुधा बाईंना पटलं. त्यांनी मला घेतलं. पुस्तक आणलं.

"कितव्या पानात होतं?"

बाइंडरला आठवेना. त्याने पाहिलंच नव्हतं. त्याची नजर तेव्हा फक्त माझ्यावर होती.

मला ते पान ठाऊक होतं. तीस वर्षं मी त्याला बिलगून होतो. पण कागदाला वाचा नसते.

"माझा भाऊ तिथपर्यंत आला होता," बाई म्हणाल्या. "तेवढंच माझ्याकडे होतं." मग त्यांनी दोघांना चहा न विचारता दारापर्यंत पोचवलं.

त्या संध्याकाळी बाईंनी कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आता थांबतील तिथे त्या मला ठेवतात. माझं पान मागे पडलं. तिथून जाताना त्या क्षणभरही थांबल्या नाहीत, त्यांना कसं कळणार? इतकी वर्षं न उलटलेली पानं त्या आता उलटतात. ते दोघं मित्र रविवारी अजून भेटतात म्हणे. बाइंडर कार्ड आणतो तेव्हा स्वतःच पट्टी काढून घड्याळजीपुढे ठेवतो. घड्याळजी नको म्हणत नाही. मोजतो.

मित्रांनो, तुम्हीही काही ना काही जमवत असाल. जमवा, जिवापाड जपा. पण माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू हाती आली, तर तिच्या कडा बघण्याआधी ती कुठे होती ते बघा. कुणाच्या तरी पुस्तकात असेल, तर पानाचा आकडा तेवढा लिहून ठेवा, आणि ज्याची असेल त्याला दोन्ही परत करा.