हुकला, नाना

“हुकला,” भाविका म्हणाली. “ड्रॅगनचा पंजा तुमच्या कानाजवळून गेला, नाना. वाचलात.”

रतिलालनानांनी मान डोलावली, पण मनात म्हणाले, पोरी, बापालाच शेंडी लावतेस होय! नाना त्या वेळी हत्ती होते. साधासुधाही नव्हे, बर्फाच्या युगातला केसाळ हत्ती, आपल्या जळगावातल्या दोन खोल्यांत काही केल्या मावला नसता असा. एवढं धूड समोर उभं असताना पंजा एकदा हुकला तर समजू, ड्रॅगनच्याही डोळ्यांत कचरा जात असेल. पण आज हा तिसऱ्यांदा हुकला होता. आंधळ्यानं दगड भिरकावला असता तरी लागला असता.

रविवारची दुपार होती आणि जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसले होते. खेळ चालवायची भाविका, नानांची एकुलती मुलगी, खासगी कॉलेजात शिकवणारी. खेळातलं जग तिचं, डोंगर तिचे, ड्रॅगन तिचा. बाकीच्या तिघांनी त्या जगात एकेक पात्र होऊन हिंडायचं. सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचा मुलगा भूपेंद्र हा तलवारबहाद्दर होता. वरणगावहून येणारी सपना खरी नर्स, सुईसुद्धा हळूच टोचणारी, पण इथं अट्टल चोर होती. आणि नाना होते ड्रुइड, म्हणजे हव्या त्या जनावराचं रूप घेणारा रानातला मांत्रिक. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. तिघांनी आपले फासे उघड्यावर टाकायचे, भाविकानं मात्र आडोशामागे. आडोसा कसला, तर भूपेंद्रनं आणलेल्या केळीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यामागे काय पडलं ते ती सांगेल, आणि बाकीच्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा या खेळाचा रिवाज.

विश्वास! नानांच्या दुकानात हा माल कधी नव्हताच. सारी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेली. रावेर गाडीत चढले की चढल्या चढल्या सांगायचे, तिकीट कोणाकडे नाही. ज्याच्याकडे तिकीट असतं तो आपल्या खिशाकडे बघतो, ज्याच्याकडे नसतं तो तपासनिसाच्या तोंडाकडे बघतो. इतकं साधं शास्त्र. पण ते नोकरीबरोबर डेपोत ठेवून यायचं, ते नानांनी घरीही आणलं. दूधवाल्यावर संशय, मीटर बघायला येणाऱ्यावर संशय, बहिणीनं फैजपूरहून पापड पाठवले की त्याच्यामागे काय काम आहे हाही संशय. बायको हयात होती तेव्हा म्हणायची, यांना देव भेटला तरी आधी पास मागतील.

आणि आज संशय घ्यायला जागाही होती. शुक्रवारी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी नानांना बाहेर बाकावर बसवलं आणि भाविकाला आत ठेवून घेतलं. ती बाहेर आली ती तोंड धुऊन. “सगळं ठीक आहे, नाना,” म्हणाली, आणि म्हणताना नानांच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हापासून नानांच्या जिवाला घोर लागला होता. दुखणं परत आलंय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. विचारायला जावं तर ती हसून विषय बदलायची. बहीण इंदिराबाई फोनवर उगाचच म्हणाली, “मंगळवारी येऊ राह्यली मी, असंच.” फैजपूरची इंदिराबाई आणि असंच? पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं.

पहिल्या खेपेला तंबाखूनं अर्धी जीभ नेली होती. जीव वाचला, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द एकमेकांत कालवून बाहेर पडायचे. भाविकाला कळायचे, सवयीनं. बाहेरच्यांना कळायचे नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे कळले नाहीत असं कोणी सांगायचं नाही. किराणावाला, शेजारी, जुने सोबती, सगळे “हो, हो, नाना” म्हणून माना हलवायचे. नाना म्हणाले पोट दुखतंय, तरी हो, हो. त्या हो-होची त्यांना इतकी चीड आली की घराबाहेर तोंड उघडणंच त्यांनी सोडून दिलं.

मग भाविकानं घरी हा खेळ सुरू केला. नाना पहिल्यांदा कोपऱ्यात पेपर धरून बसले ते केवळ पहाऱ्याला. हा केळीवाला भूपेंद्र दर रविवारी सावद्याहून मोटारसायकल दामटत येतो तो काय फासे टाकायला? तो खरोखरच फासे टाकायला येतो, हे पटायला नानांना पावसाळा लोटावा लागला. तोवर खेळ त्यांच्या कानांवाटे अंगात शिरला होता. आणि एके दिवशी त्यांनी ऐकलं की ड्रुइड जनावराच्या रूपात असला की त्याला बोलता येत नाही. नियमच तसा. नानांनी पेपर खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

तेव्हापासून तीन वर्षं नाना त्या टेबलावर जनावर होते. बोट दाखवायचं, फासा टाकायचा, मान हलवायची. कोणी हो-हो करत नव्हतं, कारण हत्तीला काय म्हणायचंय ते कोणी विचारत नाही. त्या टेबलावर नाना जितके सुखात होते तितके दुसरीकडे कुठंच नव्हते.

ड्रुइड त्यांनी बांधलाही असा, की भूपेंद्रनं तोंडात बोट घालावं. सुरुवातीला त्यांनीही सगळ्यांसारखीच चूक केली, सगळे गुण ताकदीला दिले. मग ध्यानात आलं की अस्वल झालं की ताकद अस्वलाची, आपली कामाला येतच नाही. अक्कल तेवढी आपली राहते. आणि जनावराचे प्राण संपले की ते गळून पडतं, खाली उरतो तो आपलाच देह. मग गुण घालायचे ते अकलेला आणि चिवटपणाला. टिकून राहणारा मंत्र आधी टाकायचा आणि मग रूप घ्यायचं, म्हणजे हत्ती लाथा झाडतोय आणि मंत्रही चालू आहे. भिंत चढायला कोळी, पळायला घार, मार खायला हत्ती. दोन विश्रांतींच्या मधे रूपं दोनच मिळतात, तेव्हा ती उधळायची नाहीत. पायरी पायरीनं चढत नाना अठराव्या पायरीवर आले. त्या पायरीपासून जनावराच्या रूपातूनही मंत्र टाकता येतात, म्हणजे माणसात यायची गरजच उरली नाही. नानांना आणखी काय हवं होतं!

पण आज खेळ सुरू व्हायच्या आधीच भाविका म्हणाली होती की सगळ्यांना दोन पायऱ्या बढती. एकदम विसावी. आणि विसाव्या पायरीच्या ड्रुइडला रूपं हवी तितकी. एक जनावर पडलं की दुसरं पांघरायचं, ते पडलं की तिसरं. त्याला मारणं जवळजवळ अशक्य. भूपेंद्र आणि सपना खूश झाले. नाना झाले नाहीत. जागा रिकामी नसताना मिळालेली बढती त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तो माणूस पुढच्या वर्षी नव्हता.

म्हणून चौथ्या खेपेला नानांनी सापळा लावला. टेबलावरचा हत्ती उचलून बाजूला ठेवला आणि जनावरांच्या चित्रांच्या गठ्ठ्यातून एक चित्र काढून ड्रॅगनच्या थेट पुढ्यात टाकलं. बेडकाचं.

“नाना, काय करताय?” सपना म्हणाली.

प्रश्न बरोबरच होता. बेडकाचा प्राण एक. फाशावर नेमका एकच पडला तरच ड्रॅगन हुकणार, दुसरं काहीही पडलं तर बेडूक चिरडणार आणि उरलेला सगळा मार नानांच्या ड्रुइडच्या अंगावर येणार. नाना हाताची घडी घालून मागे टेकले आणि मुलीकडे बघत राहिले.

भाविकानं पुठ्ठ्यामागे फासा टाकला. फासा अजून गरगरत होता, त्याचा खडखडाट स्वच्छ ऐकू येत होता, आणि ती नानांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “हुकला.”

झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला? चोर पकडल्याचा आनंद त्यांना जन्मभर झाला होता, आज पहिल्यांदा वाटलं की हा चोर सापडला नसता तर बरं झालं असतं. या पोरीनं लहानपणी परीक्षेत नापास झाल्याचंसुद्धा घरात पाऊल टाकता टाकता सांगितलं होतं. ती खोटं बोलते तर कशाकरता बोलते, हे कळायला डॉक्टर कशाला हवा!

नानांनी हात पुढे केला आणि केळीच्या खोक्याचा तो पुठ्ठा आडवा पाडला. फाशावर सतरा होता.

“बेडूक मेला,” नाना म्हणाले.

भूपेंद्रनं चमकून वर पाहिलं. तीन वर्षांत या टेबलावर त्यानं नानांचा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा, तोंडात घास असताना माणूस बोलतो तसा. त्याला शब्द कळले नाहीत. भाविकाला कळले.

“नाना, खेळच आहे हो,” ती म्हणाली.

“खेळ हाये तं खरा खेळ. कोंबडं झाकून उजाडायचं राह्यतं का? सांग, किती लागलं मले.”

भाविकानं मुकाट्यानं माराचे फासे उचलले आणि सगळ्यांदेखत टाकले. बेडूक गेला. उरलेला मार नानांनी आपल्या प्राणांतून स्वतः पेन्सिलीनं वजा केला. त्यांचा ड्रुइड आता माणसाच्या रूपात उभा होता, ड्रॅगनच्या समोर, दोन पायांवर.

“आता डॉक्टरचं सांग,” नाना म्हणाले.

सपना उठायला लागली. भूपेंद्रनंही खुर्ची मागे सरकवली. नानांनी दोघांना हातानं खाली बसवलं. आत जाऊन दार लावून रडायचा प्रकार त्यांना नको होता. जे व्हायचं ते इथंच, या टेबलावर.

“परत आलंय,” भाविका म्हणाली. “घशाकडं सरकलंय. या वेळी कापता येणार नाही म्हणाले. औषधांवर जितके दिवस...” मग पदराला नाही, टेबलाच्या चादरीलाच तिनं डोळे पुसले. “मंगळवारी आत्या आल्यावर सांगणार होते, नाना. खरंच सांगणार होते. मला एकटीला नाही जमलं.”

नानांना भीती वाटली. नाही कशी वाटणार, सत्तरीला टेकलेला असला तरी माणूसच तो. पण भीतीच्या मागोमाग हलकंही वाटलं. शुक्रवारपासून घरातल्या प्रत्येक वस्तूवर घेतलेला संशय एकदम उतरला. बहिणीचा फोन, फुकटची बढती, हुकणारा पंजा, सगळ्याचा हिशेब लागला. आणि मुलीच्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं, तीन दिवस हे ओझं हिनं एकटीनं वाहिलं, आणि आपण तिच्यावर पहारा करत बसलो. त्यांनी टेबलावरून हात लांबवून तिच्या हातावर दोनदा थोपटलं.

“नाना, रूप घ्या,” भाविका नाक ओढत म्हणाली. “ड्रॅगन समोर आहे. घ्या ना, आता कितीही घेता येतात तुम्हाला.”

“ती विसावी पायरी काढून घे.”

“राहू द्या हो.”

“काढ. कमावली न्हाई ती. अठरावर होतो, अठरावर राहू दे.”

अठराव्या पायरीला रूपं दोनच, आणि दोन्ही वापरून झाली होती. हत्ती गेला, बेडूक गेला. सपनाच्या ते लक्षात आलं. भाविकानं नानांच्या कागदावरचे वीस खोडून अठरा केले.

“पाळी तुमची, नाना,” ती म्हणाली. “काय करताय?”

नानांनी ड्रॅगनकडे पाहिलं, मग तलवारबहाद्दराकडे आणि चोरट्या सपनाकडे. ते दोघं त्यांना उचलून बाजूला न्यायला टपलेत, हे त्यांना दिसतच होतं. ते खुर्चीत सरळ बसले आणि भूपेंद्रला उद्देशून बोलले. वाक्य लांबलचक होतं, मधे दोनदा थुंकी गिळावी लागली.

“हो, हो, नाना,” भूपेंद्र म्हणाला.

“काय म्हनलो मी?”

भूपेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं भाविकाकडे पाहिलं. तिनं मदत केली नाही.

“नाही कळलं, नाना,” तो हळूच म्हणाला.

“मंग तसं म्हन की,” नाना म्हणाले, आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगायला घेतलं, एकेक शब्द सुटा करून. “मले उचलायची... घाई करू नका. पह्यले... त्याचा... पंख तोडा.”

“पंख?” सपनानं विचारलं.

“पंख,” नाना म्हणाले. भूपेंद्रनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि कान पुढे करून म्हणाला, “कोणता, नाना? डावा का उजवा?” नाना सांगू लागले.