कप्तानाच्या गार नूडल्स

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतीण तिकडे दूर, आणि तिची आई इकडे घशाच्या दुखण्यानं खाटेला खिळलेल्या नवऱ्यापाशी अडकलेली. नवरा जन्मभर मालवाहू जहाजावर आचारी होता. गल्लीत मात्र सगळे त्याला कप्तान म्हणत. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत तिनं त्याला कधी गार घास वाढला नाही. विस्तवावरून थेट ताटात, हा तिचा नेम.

आता गरम काही घशाखाली उतरेना. चार दिवस त्याच्या पोटात धड काही नव्हतं. मग एका सकाळी तोच म्हणाला, "त्या गार नूडल्स खाव्याशा वाटतात. धक्क्यावर एक बाई गाडी लावायची, तिच्याकडून शिकलो होतो."

"बाई? कसली बाई?"

"तोंडात एक दात नव्हता तिच्या. उगाच जळू नकोस."

त्याला धरून तिनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं. तो सांगत गेला, ती करत गेली.

"गाजर काडीपेटीच्या काडीएवढं चिर. ही काय सरपणाची मोळी बांधतेस?"

"तोंड तुमचं, हात माझे. जमत नसेल तर या नि चिरा."

उठवत नव्हतं त्याला. बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

नूडल्स उकडल्या, तीनदा गार पाण्यातून काढल्या, तिळाच्या तेलाचा हात लावला. काकडी, कोबी, गाजर, पातीचा कांदा. वरून सोया सॉस, व्हिनेगर, किसलेलं आलं, चिमूटभर साखर आणि दाण्याचं कूट. तेवढ्यात तो थकला, म्हणून तिनं त्याला खाटेवर नेऊन टेकवलं.

परत येऊन ताटलीला हात लावला, तर दगडासारखी गार. आजारी माणसाला हे वाढायचं? हात आपसूक कढईकडे गेला. दोनच मिनिटं गॅसवर धरलं.

त्यानं एक घास घेतला आणि चमचा ठेवला. काकडीला पाणी सुटलं होतं, नूडल्सचा गोळा झाला होता.

"गरम केल्यास."

"कोमट हो नुसत्या."

"तीस वर्षं आगीपुढे उभा होतो गं. काम आटोपलं की डेकवर बसून हेच खायचो. आणि तू आठवायचीस."

"गार जेवण बघून बायको आठवायची? भलतंच!"

"घरी असतो तर हिनं हे खाऊ दिलं नसतं, असं रोज म्हणायचो. रोज."

पाण्यावर गेला की हा घर विसरतो, असं धरून तिनं इतकी वर्षं दाराकडे बघत काढली होती.

तिनं पुन्हा पाणी उकळत ठेवलं. या खेपेला उकडलेल्या नूडल्स बर्फाच्या पाण्यात बुडवल्या आणि शेगडीकडे पाठ करून कालवल्या. त्यानं सावकाश, डोळे मिटून सात घास खाल्ले. मग ताटली तिच्याकडे सरकवली.

"घे. एकदा तरी बस माझ्याबरोबर तिथं, डेकवर."

ती खाटेच्या कडेला बसली आणि उरलेलं त्याच ताटलीत जेवली. कधी न पाहिलेल्या त्या डेकसाठी तिचा जीव तुटत होता.

त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी कप्तान वारला. त्याचं वय एकोणसत्तर होतं.