हादरा कुठून येत होता

मी एक जुनं टेबल आहे; पण मित्रांनो, माझ्यावर कधी कुणी जेवलं नाही की गृहपाठ केला नाही. माझी पाठ जाड पोलादाची, तिला ओळीनं भोकं, आणि चारही पायांत दाबून भरलेली हवा. कारखान्यातून मी सुट्या भागांत आलो. संस्थेच्या वर्कशॉपमधले मिस्त्री तीन दिवस माझ्याखाली उताणे पडून मला जोडत होते. पायांत हवा भरली तशी माझी पाठ केसभर उचलली गेली आणि हवेवर तरंगू लागली.

"आता खुशाल लिफ्ट चालू दे, ट्रक जाऊ दे," मिस्त्री घाम पुसत म्हणाले. "हे टेबल हलायचं नाही, बाई."

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या माशाच्या इवल्याशा पिल्लाचा जिवंत मेंदू बघत. पिल्लू काचेसारखं पारदर्शक. त्याच्या मेंदूतल्या पेशी अशा घडवलेल्या, की पेशीत वीज सळसळली की त्या पेशीचा उजेड किंचित बदले. हा बदल पापणी लवायच्या आत येतो नि जातो. म्हणून माझ्यावरच्या सूक्ष्मदर्शकाला सेकंदाला हजार चित्रं टिपणारा कॅमेरा होता. फीट येते तेव्हा पहिली ठिणगी कुठल्या पेशीत पडते, हे बाईंना शोधायचं होतं. चित्र जरा जरी हललं तरी सगळी मेहनत पाण्यात. त्यांनी दारावर पाटीच लावली होती: ‘हळू चाला. आत मासा विचार करतोय.’

सोळा वर्षं मी निश्चल उभा राहिलो. पाहुणे आले की बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "याच्याइतकं शांत इथं कुणी नाही."

मग एके दिवशी चित्र हललं. दुसऱ्या दिवशीही हललं. बाईंनी लिफ्ट बंद करवली, पंप दूर नेला, पंखा काढला. काही उपयोग झाला नाही. मिस्त्रींनी माझे पाय उघडून पाहिले. कुठं गळती नव्हती. ते स्टूल ओढून कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. दुपारी बाई चहाला गेल्या आणि चित्र शांत झालं. परत आल्या, खुर्चीवर बसल्या, डावा हात सवयीनं माझ्या कडेवर टेकवला. चित्र पुन्हा थरथरू लागलं.

मिस्त्रींनी त्या हाताकडे पाहिलं. मला तर तो कधीपासून जाणवत होता. काम करताना स्थिर असायचा आणि विसावला की थरथरायचा. जमिनीतून येणारा हादरा मी गिळू शकत होतो. वरून टेकलेल्या हाताचा मला गिळता येत नव्हता.

"काय हो मिस्त्री, सापडलं का काही?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री माझ्या पायाशी वाकले. "टेबलच म्हातारं झालंय, बाई. नवं मागवू या."

मला भिंतीशी सरकवलं. माझ्यावर खोकी आली, धूळ आली. दोष अंगावर आला, त्याचं मला काही वाटलं नाही. बाईंना वाचवतोय, असंच मला वाटत होतं. नवं टेबल यायला आठ महिने लागले. त्यावरही चित्र हललंच.

त्याच आठवड्यात बाईंच्या थोरल्या बहीण गावाहून आल्या होत्या. त्या प्रयोगशाळा बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, हा हात कधीपासून असा?"

"कसा?" म्हणत बाईंनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

डॉक्टरांकडून कंपवाताचं निदान घेऊन आल्यावर त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"जीभच रेटली नाही, बाई. तुमचं सगळं काम त्या हातांवर."

"म्हणूनच सांगायचं होतं ना! आठ महिने औषध मिळालं असतं. आठ महिने मी टेबलाची वाट बघत बसले, मिस्त्री."

त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे ते मिस्त्रींना जास्तच लागलं. 

औषधानं थरथर कमी झाली, पण तोवर उजव्या हातालाही बारीक चिमटा पकडता येईना. पिल्लू हलू नये म्हणून जेलीत बसवण्याचं नाजूक काम त्यांनी विद्यार्थिनीच्या हाती दिलं आणि काही महिन्यांनी त्या घरी बसल्या. ती पहिली ठिणगी त्यांना सापडली नाही.

मिस्त्री अजून कधी कधी येतात. खोकी उतरवतात, फडक्यानं माझी पाठ पुसतात आणि जातात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. पण मी पोलादाचा आहे, माझं कसंही निभेल. तुमच्या घरातल्या कुणाचा हात थरथरताना दिसला, तर दुसऱ्या कशावर खापर फोडू नका. त्यांच्या शेजारी बसा. तो हात हातात घ्या, आणि त्याच दिवशी सांगा.