बॅण्डसॉच्या खालच्या दारामागे

आमचा बॅण्डसॉ एका सकाळी फच्‌-टक, फच्‌-टक असा बोलायला लागला. दादाने नेहमीप्रमाणे स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेअरिंग."

दादा माझा थोरला भाऊ. हात सोन्याचा, बाकी सगळा उकिरडा. मागच्या गल्लीतल्या लांबट पत्र्याच्या खोलीत आमचा कारखाना आहे. तो कापतो, मी जोडकाम आणि पॉलिश करते, आणि वहिनी दोघांनाही नावं ठेवते. बॅण्डसॉ म्हणजे एकावर एक दोन मोठी चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारं दातेरी पोलादी पातं. दादा त्या पात्याला नाक लागेल इतका वाकून कापतो. मी ओरडले की म्हणतो, "पातं तुटायच्या आधी कुरकुरतं, बये. माझा कान आहे ना जागा." आणि खरंच, आजवर तो दर वेळी वेळेत मागे सरकलाय.

बेअरिंग बदललं. फच्‌-टक. मग म्हणाला, वरच्या चाकाचं असेल. तेही बदललं.

"बघ, आता कसं लोण्यासारखं चाललंय!"

आवाज उलट वाढला होता. शेजारचा शिंपी दारातून डोकावून म्हणाला, "तुमच्याकडे कुणी तोंड उघडं टाकून जेवतंय का?"

दादा आंघोळीला घरी गेला (हे क्वचित घडतं, म्हणून संधी साधली), तेव्हा मी मशीनचा प्लग काढला आणि चाक हाताने फिरवायला घेतलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मशीन बंद असताना हळूहळू फिरवलं की एकेक आवाज सुटा होतो, हे मला शिलाई मशीनवरून कळलंय. पात्यावर खडूची खूण केली. 'टक' खूण फिरून आली की एकदाच व्हायची. म्हणजे दोष पात्यात. 'फच्‌' मात्र खालचं चाक एकदा फिरलं की व्हायची. म्हणजे दोष खाली.

मी मशीनच्या खालच्या चाकावरचं दार उघडलं आणि लगेच बंद केलं. मग नाकाला फडकं बांधून पुन्हा उघडलं.

वहिनी तळणाचं उरलेलं काळं तेल बरणीत भरून ठेवायची. ते टाकून द्यायला म्हणून दादा न्यायचा आणि पात्याला चोळायचा. "लाकडाचा चीक चिकटत नाही," म्हणे. चीक चिकटला होता. तेलही चिकटलं होतं. त्यावर भुसा, भुशावर पुन्हा तेल, आणि चाकाच्या कडेवर या सगळ्याचा पिवळट-काळा, मऊ, घामट थर. एका ठिकाणी त्याचं जाड ढेकूळ झालं होतं, पातं त्यावरून गेलं की फच्‌. तळाशी संत्र्याच्या साली, सिगारेटची थोटकं, दादाचा हरवलेला मोजा, आणि मोज्यात उंदरीण. पिल्लांसकट. मेलेली, तेलात मुरलेली. वासाचं वर्णन करत नाही, तुम्हाला नंतर जेवायचं असेल.

मी खरवडणीने ते सोलून काढायला लागले. ते वडीसारखं निघत होतं, आणि प्रत्येक वडीखालून एक झुरळ पळत होतं. मनातल्या मनात मी दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही आहेत हे नंतर लक्षात आलं.

दादा परत आला तेव्हा चाक लखलखत होतं आणि मी ओकून आले होते.

"आता ऐक," मी चाक फिरवत म्हटलं. फच्‌ गेली होती. टक मात्र स्वच्छ, नखाने ताट वाजवावं तशी.

"काय ऐकू? काहीच नाहीये. म्हटलं ना, बेअरिंगच होतं."

तो मशीनकडे वळल्यावर त्याच्या पाठीमागून मी साध्या आवाजात म्हटलं, "दादा, तुझ्या पँटवर झुरळ चढतंय."

झुरळ दिसलं की हा माणूस टेबलावर उभा राहतो. आता तो शांतपणे ऑर्डरच्या दरवाजाची फळी उचलत होता. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. त्याने प्लग लावला.

मी काढला.

"वेड लागलंय का? काम आहे!"

सांगून ऐकणार कोण होतं? मी पात्याचा ताण सैल केला, पातं उतरवलं आणि पत्रा कापायच्या कात्रीने कचकन तोडलं. दादा लालबुंद झाला. पातं माझ्या हातातून हिसकावून त्याने ते वाकवलं, आणि टोकं जोडलेल्या सांध्यापाशी, जिथे मी कात्री लावलीच नव्हती, तिथे ते आपणहून मोडलं. तडा अर्ध्याहून आत गेला होता.

दादा त्या तुकड्यांकडे बघत खूप हळू म्हणाला, "बोललं नाही गं ते."

"बोललं. चार दिवस बोलतंय."

दादाला ऐकू येत नाही हे वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि मी म्हणते, हल्ली किती गुणी झालाय हा. काही म्हटलं तरी 'हं'!"

मी बॅटरी आणून त्याच्या उजव्या कानात पाहिलं. भुसा, मळ, कधीतरी घातलेला तेलाचा कापूस. खालचं दारच जणू.

"कुठलं तेल घातलंस?" मी किंचाळले.

त्याने बरणीकडे बघितलं. मी पुन्हा बाहेर जाऊन आले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या कानातून जे काढलं ते त्यांनी ट्रेमध्ये दाखवलं. मी नको नको म्हणत पाहिलं. मग त्यांनी डावा कान तपासला. बराच वेळ.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

"नीट बघा ना. असेल काहीतरी. हा माणूस घाणेरडा आहे हो."

"आतली नसच गेलीय, ताई. मशीनच्या आवाजाने जाते अशी. ती परत येत नाही."

जन्मभर त्याची घाण उपसली मी. त्या दिवशी मात्र ओंजळभर घाण निघावी म्हणून मी देवाला हात जोडले असते.

बाहेर आलो. मी त्याच्या उजव्या बाजूने चालायला लागले आणि सगळं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने विचारलं,

"मग मशीनवर कोण?"

"मी."

"तू? तुला सरळ रेघ मारता येत नाही."

"रेघ तू मार. कापेन मी."

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. साफ केलेल्या कानात करंगळी घालून फिरवली, बाहेर काढून निरखली आणि माझ्या बाहीला पुसली.

"ई, दादा!"

"ओरडू नकोस," तो म्हणाला, "येतंय ऐकू."