ऐंशीला काढ

घाटमाथ्यावरच्या चार्जिंगच्या जागा आखणाऱ्या साहेबाने जन्मात कधी कॅरॅव्हॅन ओढली नसणार, याबद्दल गुनवोरला शंका नव्हती. एकटी मोटार नाक खुपसून उभी राहील एवढीच ती जागा. म्हणजे आधी मागचं दीड टनाचं चाकांवरचं घर सोडवा, कडेला लावा, गाडी भरा आणि पुन्हा मागे मागे येत जोडणीचा आकडा जुळवा. तेही खानावळीच्या व्हरांड्यातून वॉफल खात बघणाऱ्या मंडळींसमोर.

"ऐंशीला काढ," तोरलाइव म्हणाला. "खाली फ्योर्डच्या पाण्यापर्यंत उतारच आहे."

"बरं," गुनवोर म्हणाली.

तिचा नवरा तोरलाइव एवढंच बोलत असे. तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला हा माणूस एक गोष्ट एकदाच सांगायचा, आणि समोरच्याने ऐकली नाही तर वाद घालायचा नाही. गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून या उन्हाळ्यात गाडी गुनवोरच्या हातात होती. तो दुपारची डुलकी काढायला कॅरॅव्हॅनमध्ये गेला.

ऐंशी टक्के झाले. गुनवोरने तार काढली नाही. तिचे वडील याच घाटातून बस चालवायचे, आणि काठोकाठ टाकी भरल्याशिवाय त्यांनी कधी डोंगराला हात घातला नव्हता. शिवाय मागच्या जुलैत दोन टक्के उरलेले असताना एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे पाच तास उसनी वीज पीत बसावं लागलं होतं. ती शरम अजून तिच्या अंगावर होती. तिने तपकिरी चीज घालून आणखी एक वॉफल खाल्लं, थर्मास भरून घेतला आणि पुरते शंभर होऊ दिले.

आकडा चौथ्या खेपेला जुळला. व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. तिने हसत हसत लवून नमस्कार केला, झोपेतून उठलेला तोरलाइव शेजारी येऊन बसला आणि तिने गाडी उताराला घातली.

पहिल्या वळणापाशी तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. एरवी पाय उचलला की गाडी आपणहून मंदावायची, ब्रेकला पायसुद्धा लावावा लागायचा नाही. या गाडीची तीच गोष्ट तिला फार आवडायची. आज गाडी मंदावली नाही. उलट मागून कॅरॅव्हॅनने ढकललं, आणि गाडी सैल सुटल्यासारखी धावू लागली.

"हिला काय झालंय?" गुनवोरने ब्रेक दाबला.

"हळू घे," तोरलाइव म्हणाला.

"हळूच घेतेय, बाबा!"

तिसरं वळण, चौथं. ती सारखी ब्रेक दाबत होती. डावीकडे कठडा, कठड्यापलीकडे काहीच नाही, आणि खूप खाली हिरवं पाणी. पाचव्या वळणावर जळका, कडवट वास आत आला. सहाव्यावर पायाखालचा ब्रेक मऊ लागला. पूर्वी अर्ध्यावर पकडायचा, तो आता तळाशी जाऊन कसाबसा पकडत होता.

गुनवोर घाबरली.

तोरलाइवने हात पुढे करून हीटर पूर्ण लावला. मग सीट गरम करायचं बटण, काच गरम करायचं बटण, दिवे, सगळं.

"वेडा झालास का? जुलै आहे!"

"वीज खाऊ दे." त्याचा आवाज नेहमीसारखा होता, पण ओठ पांढरे पडले होते. "उतारावर ही गाडी वीज बॅटरीत परत भरते, तेव्हाच स्वतःला आवरते. बॅटरीत जागा नसेल तर भरणार कुठे?"

गुनवोरला कळलं. टाकी भरली की माणूस सुखरूप, हे आयुष्यभर मनाशी धरलेलं, आणि तेच आज तिला दरीत नेत होतं. कोणी केलं? तिने. वॉफल खात खात, मुद्दाम.

आठव्या वळणावर कॅरॅव्हॅन मागे हेलकावली. आरशात ती एकदा डावीकडून दिसली, एकदा उजवीकडून. वळण संपलं तर समोर ऊन खात, रस्त्यावर ऐसपैस पसरलेली मेंढी आणि तिची दोन कोकरं. गुनवोरने हॉर्न दाबला. मेंढीने मान वळवून पाहिलं फक्त. ब्रेक तळाला टेकला आणि पकडला नाही.

उजवीकडे कुरणावर जाणारी चढाची कच्ची वाट होती. बंद लाकडी फाटक होतं. वडील भर उतारात प्रवाशांना ती वाट दाखवायचे, वर सुट्टीत दूध काढायला जायचो म्हणून सांगायचे. गुनवोरने डोळे मिटले नाहीत, एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल. तिने चाक उजवीकडे फिरवलं.

फाटक फुटलं. चाकांखाली खडी उडाली. कॅरॅव्हॅन कशावर तरी घासत, आतली भांडी आपटत मागून वर आली, आणि चढ गाडीचा वेग हळूहळू गिळत गेला. गाडी थांबली. हीटर भणभणत होता. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

तोरलाइव खाली उतरला. मागे गेला आणि फाटकाच्या फळ्या गोळा करून उभ्या करू लागला. कुरणाचं फाटक उघडलं की जाताना लावून घ्यायचं, एवढंच त्या क्षणी त्याला सुचत होतं. गुनवोर दार धरून उभी राहिली.

"तोरलाइव, मी ऐंशीला काढली नव्हती."

"माहीत आहे." तो फळी रोवत होता. "निघताना गाडीच्या पडद्यावर बघितलं मी. शंभर."

"बघितलंस? आणि बोलला नाहीस?"

"तू हसत होतीस. म्हटलं, उगाच कशाला वाद. ब्रेक पुरतील असं वाटलं."

तिने खाली पाहिलं. मेंढी अजून रस्त्यावरच होती. पुढचं वळण इथून स्पष्ट दिसत होतं, आणि तिथे कठडाही नव्हता. आता तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. चौतीस वर्षं तिने या माणसाचं बोलणं उडवून लावलं होतं, आणि त्याने ते इतकं मुकाट्याने सोसलं होतं की बायकोशी भांडण नको म्हणून तो तिच्याबरोबर दरीतसुद्धा आला असता.

"ओरड माझ्यावर," ती म्हणाली.

"मी ओरडत नाही."

"ओरड! आत्ता! नाहीतर मी या गाडीला पुन्हा हात लावणार नाही."

तोरलाइवने हातातली फळी खाली टाकली. तोंड उघडलं, मिटलं. मग त्याची मान लाल झाली, आणि सगळा डोंगर ऐकेल असा तो ओरडला, "ऐंशीला काढ म्हटलं होतं ना, गुनवोर!"

खाली मेंढी दचकून उठली आणि कोकरांना घेऊन पळाली. गुनवोर खडीत बसली आणि रडू लागली.

"आणखी एकदा," ती म्हणाली.